रसायनगुरू युस्टुस लीबिग

आमच्या वाचकांपैकी ज्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत पाण्याचे ऊर्ध्वपातन करून पाहिले असेल, त्यांस दुहेरी काचनळीचे एक साधे उपकरण परिचयाचे असेलच. आतील नळीतून वाफ जाते, बाहेरील नळीतून थंड पाणी वाहत असते, आणि वाफेचे पाणी होऊन ते खालच्या पात्रात थेंब थेंब जमते. या उपकरणास लीबिगचा कंडेन्सर असे म्हणतात. वस्तुतः ते लीबिगने शोधून काढलेले नाही. १७७१ सालीच वायगेल नामक जर्मन पंडिताने तशा उपकरणाचे वर्णन केले होते, आणि लीबिगनेही त्याचे श्रेय स्वतःकडे घेतले नाही. परंतु ते प्रयोगशाळेत नित्याच्या वापरात आले ते त्याच्यामुळे, म्हणून जगाने त्यास त्याचेच नाव दिले. उलट ज्या गोष्टीची त्याने खरोखर उभारणी केली तिला मात्र त्याचे नाव नाही; आणि ती गोष्ट आज देशोदेशींच्या विश्वविद्यालयांत नांदत आहे. तिचीच हकीकत या लेखात सांगण्याचा आमचा मानस आहे.

ती गोष्ट म्हणजे रसायनशास्त्राचे पदवीनंतरचे शिक्षण होय. मुलगा किंवा मुलगी बी. एस्सी. झाली म्हणजे पुढे काय, असा प्रश्न घरोघर पडतो. एम. एस्सी. करावी, त्यापुढे पीएच. डी. करावी, असे कोणी सुचविले की वडीलधाऱ्यांच्या मनात शंका येते, की इतकी वर्षे शिकल्यावर आणखी शिकावयाचे तरी काय उरते? या शंकेचे उत्तर थोडक्यात असे. पदवीपर्यंत विद्यार्थी इतरांना जे ठाऊक आहे ते शिकतो. पदवीनंतर त्यास अशा प्रश्नापाशी उभे करतात की ज्याचे उत्तर त्याच्या गुरूसही ठाऊक नसते. तेथे पाठांतर कामास येत नाही. हात, डोळे, चिकाटी आणि प्रामाणिकपणा एवढ्याच भांडवलावर पुढे जावे लागते. अशा शिक्षणाचा परिपाठ जर्मनीतील गीसेन नावाच्या एका लहानशा गावी, एका ओसाड पडलेल्या सैनिकी बराकीत, एकवीस वर्षांच्या एका तरुणाने घातला.

युस्टुस लीबिगचा जन्म १२ मे १८०३ रोजी डार्मश्टाट या गावी झाला. हे गाव त्या काळी हेसे या छोट्या संस्थानाची राजधानी होते. बापाचा धंदा रंग, रोगणे व औषधी द्रव्ये विकण्याचा होता, आणि यांपैकी कित्येक पदार्थ तो घरीच तयार करीत असे. घराच्या मागील खोलीत चाललेले हे उकळणे, गाळणे व खलणे पाहत मुलगा वाढला. दरबारच्या ग्रंथालयातून रसायनविषयक पुस्तके आणून, ती ज्या क्रमाने फळीवर लावलेली असत त्याच क्रमाने, समजो वा न समजो, त्याने वाचून काढली. पुस्तकात एखादा प्रयोग आढळला की घरी तो करून पाहावा, आणि तो साधेपर्यंत पुन्हा पुन्हा करावा, असा त्याचा क्रम असे. गावातील साबण करणारे, कातडी कमावणारे व रंगारी यांच्या कामाच्या जागीही तो जाऊन बसे. जत्रेत आलेला एक फिरता विक्रेता बार उडविणारी खेळणी विकत होता. त्याच्याकडे टक लावून पाहता पाहता रुप्यापासून होणारा एक स्फोटक पदार्थ कसा बनतो हे त्या पोराने हेरले. पुढे याच पदार्थाने त्याच्या आयुष्याची दिशा ठरविली.

शाळेत मात्र त्याचे तेज पडले नाही. लॅटिन व ग्रीक यांचे पाठ त्याच्या डोक्यात शिरत नसत, आणि जे कानांनी ऐकले ते त्याच्या स्मरणात राहत नसे. जे डोळ्यांनी पाहिले ते मात्र कायमचे ठसे. तू पुढे कोण होणार, असे गुरुजींनी एकदा विचारले असता त्याने रसायनशास्त्रज्ञ होणार असे सांगितले, तेव्हा सारा वर्ग हसला, आणि गुरुजीही हसले. रसायनावर उपजीविका करणारा मनुष्य त्या गावात कोणी पाहिलाच नव्हता. शाळा अर्धवट सोडून तो हेपेनहाइम येथे एका औषधविक्याकडे उमेदवार म्हणून राहिला. तेथे माळ्यावरील खोलीत स्फोटक पदार्थाचा बार उडून खिडकी निखळली व त्यास घरी पाठविण्यात आले, अशी आख्यायिका आहे. बापास उमेदवारीचे पैसे भरणे जमले नाही हेच खरे कारण असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. काही असो, वर्षाच्या आतच मुलगा परत आला.

तरीही बापाने धीर सोडला नाही, आणि १८२० साली त्यास बॉन येथील विश्वविद्यालयात धाडले. तेथे कास्टनर नामक प्राध्यापकाची व्याख्याने तो ऐकू लागला, आणि पुढील वर्षी गुरूंची बदली एर्लांगेनला झाली तेव्हा त्यांच्या मागोमाग तोही गेला. खनिजांचे पृथक्करण कसे करावयाचे ते मी तुला शिकवीन, असे आश्वासन कास्टनरने दिले होते. पण ते त्याला स्वतःलाच येत नव्हते, असे लीबिगने पुढे नमूद करून ठेवले आहे. ही एका प्राध्यापकाची उणीव नव्हती. काळच तसा होता. रसायन हा वैद्यक व औषधिविद्या यांच्या पंगतीत वाढलेला एक जोडविषय होता. प्राध्यापकाने बोलावे, क्वचित एखादा प्रयोग दुरून दाखवावा, आणि विद्यार्थ्यांनी टिपून घ्यावे, एवढ्यावर शिक्षण संपे. प्रत्यक्ष हाताने काम शिकण्याची संधी फार थोड्या ठिकाणी मिळे. स्टॉकहोमच्या बर्झीलियससारखा एखादा थोर पुरुष आपल्या खासगी प्रयोगशाळेत एक-दोन निवडक शिष्यांस जागा देई, पण हा कृपेचा भाग होता.

एर्लांगेन येथे विद्यार्थी व नगरवासी यांच्यातील एका दंग्यात लीबिगचे नाव गोवले गेले, आणि १८२२ साली त्यास ते गाव सोडावे लागले. सुदैवाने कास्टनरने त्याच्यासाठी हेसेच्या राजाकडे रदबदली केली, आणि सरकारी वेतन घेऊन हा एकोणीस वर्षांचा तरुण पॅरिसला गेला. रसायनशास्त्राची खरी काशी त्या काळी पॅरिस हीच होती. तेथे गे-ल्यूसाक, थेनार्ड व द्यूलाँ यांची व्याख्याने ऐकताना त्यास प्रथमच कळले, की रसायन म्हणजे तर्कांचा खेळ नसून वजने, मापे व पुरावे यांचे शास्त्र आहे. १८२३ साली, तो पॅरिसमध्ये असतानाच, एर्लांगेन विश्वविद्यालयाने त्यास डॉक्टर ही पदवी गैरहजेरीत दिली. ज्याने पुढे शेकडो तरुणांकडून या पदवीसाठी रात्रंदिवस काम करवून घेतले, त्याची स्वतःची पदवी इतक्या सहजतेने पदरात पडली होती, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

त्याच वर्षी बालपणीच्या त्या स्फोटक पदार्थावरील त्याचे संशोधन पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचले गेले. सभेस विख्यात प्रवासी व शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट उपस्थित होता. त्याने या अनोळखी मुलाची आस्थेने चौकशी केली आणि त्यास गे-ल्यूसाकच्या खासगी प्रयोगशाळेत प्रवेश मिळवून दिला. तेथे गुरू व शिष्य एका मेजाशी उभे राहून काम करीत. एखादा प्रयोग मनासारखा साधला की हा वयाने व मानाने मोठा प्राध्यापक शिष्याचा हात धरून मेजाभोवती नाचू लागे. या प्रयोगशाळेत लीबिगने काय मिळविले ते त्याने आयुष्यभर सांगितले. आणि आपणास जे भाग्याने लाभले ते दुसऱ्यांस हक्काने लाभावे, हा निश्चय त्याने येथेच केला असावा, असे त्याच्या पुढील चरित्रावरून आम्हांस वाटते.

१८२४ साली हुंबोल्टच्या शिफारशीवरून हेसेच्या राजाने लीबिगची गीसेनच्या विश्वविद्यालयात प्राध्यापक म्हणून नेमणूक केली. तेव्हा त्याचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. तेथील मंडळींस न विचारता ही नेमणूक झाल्यामुळे त्याचे स्वागत थंडपणेच झाले. प्रयोगशाळा म्हणून जी जागा मिळाली ती बराकीतील पहारेकऱ्यांची खोली होती. मध्ये कोळशाची शेगडी, भिंतीला लागून मेजे, आणि घातक धूर निघणारे प्रयोग करावयाचे असल्यास बाहेरचा उघडा ओटा, असा सगळा सरंजाम होता. औषधविद्या व रसायन शिकविणारी एक संस्था विश्वविद्यालयाने काढावी असा अर्ज त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी केला, तेव्हा औषधविके तयार करणे हे विश्वविद्यालयाचे काम नव्हे म्हणून तो फेटाळण्यात आला. मग त्यांनी ती संस्था खासगी रीतीने चालविली. तुटपुंज्या पगारातूनच लीबिग उपकरणांचा व मदतनिसाचा खर्च भागवी. सरकारने तो भार उचलला तो पुष्कळ वर्षांनी, आणि तोही लीबिगने निक्षून तक्रार केल्यावर.

या खोलीत १८३१ साली एक असे लहानसे काचेचे उपकरण जन्मास आले की ज्याने सेंद्रिय रसायनाचा कायापालट केला. साखर, मेण, कापूर, अफूतील सत्त्व, असे जे पदार्थ वनस्पतींपासून व प्राण्यांपासून मिळतात, त्यांत कर्ब, हायड्रोजन व प्राणवायू ही मूलद्रव्ये किती प्रमाणात आहेत हे काढणे त्या काळी महाकठीण असे. निष्णात पंडितांचेही त्यात महिने जात. लीबिगची युक्ती अशी होती. पदार्थ वजन करून ताम्रभस्माबरोबर काचेच्या नळीत जाळावा. त्यातील हायड्रोजनचे पाणी होते. ते पाणी शोषून घेणाऱ्या पदार्थाने भरलेल्या एका नळीत अडकते. कर्बाचा वायू होतो, ज्यास आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. तो पुढे पाच फुग्यांच्या एका त्रिकोणाकृती काचपात्रातील दाहक पोटॅशच्या पाण्यात विरघळतो. आधी व नंतर तराजूत घालून पाहिले की दोहोंचे प्रमाण हाती आले. वायूचे घनफळ मोजण्याची पूर्वीची किचकट रीत टळली, आणि जे काम मोजक्या हातांस साधत असे ते सामान्य बुद्धीच्या पण काळजीपूर्वक वागणाऱ्या विद्यार्थ्यासही साधू लागले. अमेरिकेतील रसायन संस्थेने या पाच फुग्यांच्या पात्राची आकृती आपल्या बोधचिन्हात मोठ्या अभिमानाने घातलेली आहे.

याच साधनामुळे त्याचा शिक्षणक्रम शक्य झाला. नवागत विद्यार्थ्यास प्रथम अज्ञात द्रव्यांच्या बाटल्या देत, आणि त्यांत काय आहे ते त्याने ओळखावे लागे. मग किती आहे ते मोजावे लागे. नंतर काही पदार्थ स्वतः बनवावे लागत. एवढी पायरी ओलांडली की लीबिग त्यास एखादा न सुटलेला प्रश्न नेमून देई, आणि येथून पुढे शिकविणे असे उरत नसे. रोज सकाळी प्रत्येकाने आदल्या दिवशी काय केले व आज काय करणार हे सांगावे. गुरूने संमती द्यावी किंवा आक्षेप घ्यावा. वाट मात्र ज्याची त्याने शोधावी. प्रत्येकाचे काम प्रत्येकास ठाऊक असल्यामुळे एकाच्या चुकीपासून दहाजण शिकत. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम चाले, आणि झाडलोट करण्यासाठी या मंडळींना संध्याकाळी बाहेर काढणे हेच आपले सर्वांत अवघड काम आहे, अशी तक्रार आउबेल नावाचा प्रयोगशाळेचा सेवक करीत असे. लीबिगच्या आधीही काही थोड्या ठिकाणी विद्यार्थ्यांकडून प्रयोग करविले जात. परंतु सामान्य प्रयोगापासून स्वतंत्र संशोधनापर्यंत नेणारा असा अखंड जिना त्याच्या प्रयोगशाळेइतक्या यशस्वी रीतीने कोठेही बांधला गेला नव्हता. १८५२ पर्यंत सातशेहून अधिक विद्यार्थी त्याच्या हाताखालून गेले, आणि त्यांत इंग्लंड, फ्रान्स, रशिया, अमेरिका अशा दूरदूरच्या देशांतील तरुण होते.

लीबिगच्या जीवनात मैत्रीचाही एक सुंदर अध्याय आहे. त्याने ज्या स्फोटक पदार्थाचे पृथक्करण केले होते, त्याच प्रमाणात तीच मूलद्रव्ये असलेला, पण मुळीच स्फोटक नसलेला एक पदार्थ फ्रीडरिख व्होलर नामक दुसऱ्या तरुणाने वर्णिला होता. दोघांपैकी एकाचे चुकले असावे असेच प्रथम वाटले. पण दोघेही बरोबर होते! तीच मूलद्रव्ये, तेच प्रमाण, पण मांडणी वेगळी असली म्हणजे पदार्थ वेगळा होतो, हे महत्त्वाचे तत्त्व या मतभेदातून निघाले. वादातून वैर न होता जन्माची मैत्री झाली. १८३२ साली व्होलरची पत्नी वारली तेव्हा लीबिगने त्यास गीसेनला बोलावून घेतले, आणि दुःखावर उतारा म्हणून दोघांनी मिळून कडू बदामाच्या तेलाचा अभ्यास हाती घेतला. त्या अभ्यासातून असे दिसून आले की अणूंचा एक समूह अनेक रासायनिक बदलांतून अभंग राहतो. सेंद्रिय रसायनाच्या अरण्यातून गेलेली ही पहिली मळलेली वाट होय.

आता आम्ही लीबिगच्या चरित्रातील त्या भागाकडे वळतो की जेथे त्याच्या शिक्षणपद्धतीची खरी कसोटी लागली, आणि ती त्याच्याविरुद्ध लागली. १८४० साली त्याने शेतीच्या रसायनावर एक ग्रंथ लिहिला. वनस्पती कुजलेल्या मातीवर जगतात ही जुनी समजूत त्याने खोडून काढली. कर्ब हवेतून येतो, आणि स्फुरद, पालाश, चुना यांसारखी खनिज द्रव्ये जमिनीतून येतात, असे त्याने ठासून सांगितले. जे द्रव्य सर्वांत कमी पडते त्याच्यावर पिकाची वाढ अडून राहते, हा नियमही त्याने लोकांत रूढ केला. हे श्रेय मात्र त्याच्या आधीच्या श्प्रेंगेल नामक विद्वानाकडेही जाते. पीक काढताना जमिनीतून जे नेले ते जमिनीस परत केले पाहिजे, ही त्याची शिकवण आजही खरी आहे. परंतु दोन बाबतींत तो चुकला. पिकास लागणारा नत्र हवेतून व पावसातून पुरेसा मिळतो, तो खताने देण्याचे कारण नाही, असे त्याने धरले. शिवाय १८४५ च्या सुमारास त्याने इंग्लंडात जे खत विक्रीस आणविले, ते पावसाने वाहून जाऊ नये म्हणून पाण्यात न विरघळेल असे बनविले होते. परिणामी ते पिकासही मिळेना, आणि खत साफ फसले.

इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथे जॉन लॉज या जमीनदाराने १८४३ साली आपल्या शेतांवर प्रयोग आरंभिले होते, आणि त्याचा सहकारी जोसेफ हेन्री गिल्बर्ट हा लीबिगचाच शिष्य होता. त्याने १८४० साली गीसेनची डॉक्टर पदवी मिळविली होती. या दोघांनी गव्हाच्या शेताचे पट्टे पाडले. एकास काहीच न देता, दुसऱ्यास नुसती खनिजे, तिसऱ्यास नत्रयुक्त खत, असे वर्षानुवर्षे देत ते उत्पन्न मोजीत राहिले. नत्र दिल्यावाचून गव्हाचे पीक फारसे वाढत नाही, हे त्यांना स्पष्ट दिसले. गुरूचे नाव युरोपभर गाजत होते. शिष्य तिशीच्याही आत होता. त्याने काय करावे? आमच्याकडे गुरूपुढे मान वर न करणे हीच शिष्याची शोभा मानतात. गिल्बर्टने मात्र गुरूने दिलेल्या तराजूवरच गुरूचे मत तोलले, आणि ते उणे भरले तेव्हा तसे प्रसिद्ध केले. लीबिग संतापला. त्याने कठोर लेख लिहिले, आणि हा वाद कित्येक वर्षे चालला. पण शेत कोणाच्याही रागास भीक घालीत नाही. नत्राच्या बाबतीत रोथॅमस्टेडचेच खरे ठरले, आणि तेथील गव्हाच्या त्या शेतावरील प्रयोग आजतागायत चालू आहे.

डाळींच्या पिकांनी मात्र दोन्ही पक्षांस कोड्यात टाकले होते, कारण त्यांस नत्राचे खत फारसे लागत नाही. त्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र पकडतात, हे हेलरीगेल व विल्फार्ट यांनी १८८६ नंतर दाखवून दिले. आमच्या महाराष्ट्रातील शेतकरी हरभरा किंवा तूर यांचा बेवड चांगला मानतात, त्याचे मर्म हेच होय.

खताच्या दुसऱ्या चुकीविषयी लीबिगची वर्तणूक निराळी दिसते. जमीन ही विरघळलेली पोषक द्रव्ये स्वतःच धरून ठेवते, असे इंग्लंडातील इतर शोधकांनी १८५० च्या सुमारास दाखविले होते. लीबिगने ते तपासून पाहिले, आणि १८६२ साली आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत त्याने उघड कबुली दिली. सृष्टिकर्त्याने केलेली व्यवस्था अपुरी समजून मी ती सुधारावयास गेलो आणि त्याचे योग्य प्रायश्चित्त मला मिळाले, अशा आशयाचे ते लेखन आहे. साठीच्या उंबरठ्यावरील जगन्मान्य पुरुषाने असे लिहावे यास मोठे धैर्य लागते. नत्राच्या वादात त्यास ते धैर्य पुरते झाले नाही, हेही आम्ही लपवीत नाही. थोर मनुष्यही एके ठिकाणी नम्र व दुसऱ्या ठिकाणी हट्टी असू शकतो.

स्वभावाने लीबिग फार तापट होता. प्रतिपक्षावर तो आपल्या मासिकातून आग ओकी, आणि त्यामुळे बर्झीलियससारखा वडील स्नेहीही दुरावला. १८४३ साली अशाच एका भांडणाच्या वेळी व्होलरने त्यास एक मार्मिक पत्र लिहिले. इ. स. १९०० ची कल्पना करून पाहा, तोवर आपण सारे पुन्हा कर्बाम्लवायू, पाणी व अमोनिया होऊन गेलेले असू. मग या वादात कोण खरा होता याची विचारपूस कोण करणार, अशा अर्थाचा तो उपदेश होता. रसायनशास्त्रज्ञाने रसायनशास्त्रज्ञास दिलेला याहून योग्य उपदेश आमच्या वाचनात नाही. लीबिगने तो सदैव पाळला नाही, पण असा मित्र त्याने अखेरपर्यंत जपला.

१८५२ साली बव्हेरियाचा राजा दुसरा मॅक्सिमिलियन याच्या आग्रहावरून तो म्युनिकला गेला. गीसेनसारखी मोठी शिष्यशाळा त्याने तेथे पुन्हा चालविली नाही. व्याख्याने व लेखन यांकडे त्याचे लक्ष वळले. मांसाचा अर्क काढण्याची त्याची रीत घेऊन १८६५ साली एक कंपनी निघाली, आणि दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशात तिचा मोठा कारखाना चालला. त्या अर्काच्या पोषकतेविषयी लीबिगने केलेले दावे मात्र पुढे टिकले नाहीत. किण्वनाच्या प्रश्नावर पाश्चरशी त्याचा वाद झाला. यीस्ट हा सजीव आहे व किण्वन हे त्याचे कार्य आहे हे पाश्चरचे म्हणणे खरे ठरले. तथापि १८९७ साली बुखनरने यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या निर्जीव रसानेही किण्वन होते असे दाखविले, तेव्हा त्यामागे रासायनिक क्रिया आहे या लीबिगच्या आग्रहातही सत्याचा अंश होता असे दिसून आले. १८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिक येथे लीबिग निवर्तला. सत्तरी पुरी होण्यास तेव्हा महिनाही उरला नव्हता.

ग्रंथ जुने होतात, मते बदलतात, पण शिष्यपरंपरा चालू राहते. शाळेत क्षारपरीक्षण करताना विद्यार्थी द्रव्यांचे जे गट पाडतात, ती पद्धत रूढ करणारा फ्रेझेनियस गीसेनच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. केकुले हा स्थापत्य शिकण्यास गीसेनला आला होता. लीबिगची व्याख्याने ऐकून तो रसायनाकडे वळला, आणि १८६५ साली त्याने बेंझीनच्या वलयाची कल्पना मांडली. रसायनाची पहिली पाच नोबेल पारितोषिके मिळविणाऱ्यांपैकी तिघे, म्हणजे व्हान्ट हॉफ, फिशर व बायर, केकुलेपाशी शिकलेले होते. हॉफमान हा शिष्य १८४५ साली लंडनच्या नव्या रसायन महाविद्यालयाचा प्रमुख झाला, आणि त्याचा अठरा वर्षांचा विद्यार्थी पर्किन १८५६ साली कोयनेल बनविण्याच्या खटपटीत असता त्याच्या हाती पहिला कृत्रिम जांभळा रंग लागला. याच रंगविद्येने पुढे कृत्रिम नीळ निर्माण केली आणि बिहारातील निळीच्या लागवडीस उतरती कळा लागली.

हिंदुस्थानाशी या परंपरेचा जिव्हाळ्याचाही संबंध आहे. लीबिगचा एक आवडता शिष्य लायन प्लेफेअर हा मूळचा गंगाकाठच्या चुनार गावी जन्मलेला. तो एडिंबरो येथे रसायनाचा प्राध्यापक झाला, आणि त्याच्या जागी पुढे क्रम ब्राउन आला. या क्रम ब्राउनच्या हाताखाली आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी अभ्यास केला व १८८७ साली एडिंबरोची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळविली. कलकत्त्यास परतल्यावर त्यांनी आपल्या भोवती जे शिष्यमंडळ जमविले, त्यातून आपल्या देशातील रसायन संशोधन उभे राहिले.

गीसेनच्या त्या बराकीत एक मोठी उणीव होती. तेथे स्त्रियांस जागा नव्हती. ही उणीव भरून निघण्यास फार काळ लागला, आणि ती भरून काढणाऱ्यांत एक मराठी नाव आहे. मुंबई विश्वविद्यालयाच्या पदवीधर कमला भागवत, ज्या पुढे कमला सोहोनी म्हणून प्रसिद्ध झाल्या, यांनी १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा त्या स्त्री आहेत म्हणून प्रथम नकार मिळाला. त्यांनी नकार मानला नाही. अटी घालून का होईना प्रवेश मिळविला, काम करून दाखविले, आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. मिळविली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. त्यांचा विषय जीवरसायन हा होता, आणि त्याच्या आरंभकाळी लीबिगनेच १८४२ साली प्राण्यांच्या शरीरातील रसायनावर ग्रंथ लिहिला होता.

आज पदवीनंतर रसायनाच्या अनेक शाखा विद्यार्थ्यांपुढे खुल्या आहेत. सेंद्रिय शाखेत कर्बाच्या संयुगांची घडण शिकतात, औषधे व रंग यांची विद्या तिच्यातच येते. असेंद्रिय शाखेत धातू, खनिजे व त्यांची संयुगे येतात. भौतिक रसायन क्रियांचा वेग, उष्णता व विद्युत् यांचे नियम शोधते. पृथक्करणाची शाखा कशात काय व किती आहे हे ठरविते, आणि जीवरसायन सजीवांच्या शरीरातील क्रिया उलगडते. पुण्यास १९५० साली उघडलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या शाखांवर काम करणारे तरुण संशोधक आहेत. शाखा कोणतीही असो, परिपाठ तोच आहे. आधी हात तयार करा, मग नजर तयार करा, मग न सुटलेला प्रश्न घ्या, आणि रोज आपले काम चारचौघांपुढे तपासणीस ठेवा.

या चरित्रापासून पालकांनी एक गोष्ट घ्यावी अशी आमची विनंती आहे. जे मूल पाठांतरात मागे पडते ते मंदच असेल असे नाही. लीबिगच्या बापाने दोनदा अपयश पाहूनही मुलास पुन्हा संधी दिली. त्याने ती दिली नसती तर डार्मश्टाटात रंगाचे आणखी एक दुकान झाले असते, इतकेच. आणि आमच्या विद्यार्थ्यांनी गिल्बर्टकडे पाहावे. आम्हां शिक्षकांस वर्गात नमस्कार मिळतो, पुष्पगुच्छ मिळतात, आणि त्यांचा आम्हांस आनंदही होतो. परंतु आम्ही जे सांगितले ते एखाद्या विद्यार्थ्याने पुढे स्वतः तोलून पाहावे, आणि आमचे चुकले असेल तर आदराने पण निर्भयपणे तसे सांगावे, याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती असू शकेल? ईश्वराने दिलेली बुद्धी जमिनीत पुरून ठेवण्यासाठी नाही. ती वापरून जो वाढवितो त्याच्याकडूनच देणाऱ्याचा मान राखला जातो.